परक्याच्या आठवणीची अंगठी

पत्र: मला दागिन्यांची हौस कधीच नव्हती. लग्नातलंही बरंचसं पेटीतच पडून आहे. पण गेल्या काही महिन्यांत इंटरनेटवर जुन्या इंग्लिश ‘आठवणीच्या’ दागिन्यांचे फोटो बघत बसण्याचा नाद लागलाय. आता एका अंगठीवर जीव जडलाय. सोन्याचा नागमोडी वेढा, त्यावर पांढरा मीना, मीन्यात सोन्याच्या अक्षरांत एका पुरुषाचं नाव, पुढे ‘ओबी’, १७६७ सालची एक तारीख, मग ‘एई’ आणि १९. वर छोट्या स्फटिकाखाली केसांची बारीक वेणी. विक्रेत्याने लिहिलंय: ‘व्हिक्टोरियन शोक-अंगठी. एका तरुण विधवेने पतीच्या आठवणीत आयुष्यभर बोटात घातली.’ हे वाचून मला खरोखर रडू आलं. किंमत माझ्या ऐपतीच्या अगदी काठावर आहे. नवरा म्हणतो, ‘कुणा मेलेल्या माणसाचे केस बोटात घालून फिरणार तू?’ मला तीन गोष्टी विचारायच्यात. हे असं वाटणं विचित्र आहे का? ही अंगठी घ्यावी का? आणि घेतली तर घालावी का?

उत्तर:

तुमचं रडू खरं आहे, पण ज्या गोष्टीवर ते आलं ती बहुधा खरी नाही. म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

अंगठीवर १७६७ आहे. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९चा आणि ती गादीवर आली १८३७ साली. म्हणजे ही अंगठी घडली तेव्हा राणीला जन्माला यायलाच ५२ वर्षं होती. यात विक्रेत्याची लबाडी असेलच असं नाही. या बाजारात ‘व्हिक्टोरियन’ हा शब्द ‘जुनं आणि नाजूक’ एवढ्याच अर्थाने वापरायची वाईट सवय आहे. पण स्वतःच विकत असलेल्या अंगठीवरचं साल ज्याने वाचलं नाही, त्याला विधवेची गोष्ट कुठून कळली, हे विचारायला हवं.

आता अक्षरं. ‘ओबी’ हे लॅटिनमधल्या ‘मरण पावला’चं संक्षिप्त रूप, आणि ‘एई’ म्हणजे वय. अंगठीवर नाव असतं ते गेलेल्याचं. ती बोटात कुणी घातली, हे त्यावर लिहिलेलं नसतं. तर हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी गेला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये पुरुषांची लग्नं साधारण पंचविशीच्या पुढे होत, एकोणिसाव्या वर्षी बायको असणं हा अपवाद होता. त्यात मीना पांढरा. अठराव्या शतकातल्या इंग्लिश शोक-अंगठ्यांत काळा मीना सर्वसाधारण वापराचा, आणि पांढरा अविवाहितांसाठी किंवा मुलांसाठी, असा रिवाज होता. रिवाज म्हणजे कायदा नव्हे, तो मोडणारे दागिने सापडतात. तरीही वय आणि रंग दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर ‘तरुण विधवा’ ही विक्रेत्याच्या कल्पनेतली बाई आहे असं मी धरून चालेन.

मग अंगठी कुणाची होती? आईची असू शकते. भावाची, मामाची, एखाद्या मित्राची असू शकते. आणि ती एकटीच घडवलेली असेल असंही नाही. मृत्युपत्रात आप्तेष्टांच्या अंगठ्यांसाठी पैसे ठेवायचे, ही तिथली जुनी पद्धत. शेक्सपिअरच्या १६१६च्या मृत्युपत्रात नाटकमंडळीतल्या तीन सहकाऱ्यांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवलेले आहेत. रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स १७०३ साली गेला, तेव्हा तर शंभराहून जास्त अंगठ्या वाटल्या गेल्या, आणि कोणाला कोणत्या किमतीची हे नात्याप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे ठरलं होतं. त्या शंभरातल्या किती जणांनी ती जन्मभर बोटात ठेवली असेल? काहींनी नक्कीच. काहींनी सोनाराकडे नेऊन मोडली असेल. म्हणून तर आज त्या हव्या तितक्या मिळत नाहीत.

यामुळे अंगठी कमी मोलाची ठरते असं मात्र समजू नका. मला तर ती आता जास्त घ्यावीशी वाटते. विधवेची गोष्ट कुठल्याही अंगठीला चिकटवता येते. पांढऱ्या मीन्यातला हा एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र फक्त या अंगठीचा आहे, आणि त्याचा शोधही घेता येतो. इंग्लंडमध्ये चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदवह्या १५३८पासून ठेवल्या जात आहेत. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कँटरबरीच्या चर्च-न्यायालयातली १८५८पर्यंतची मृत्युपत्रं आहेत आणि ती इंटरनेटवर शोधता येतात. एकोणीस वर्षांच्या मुलाचं मृत्युपत्र सापडणं कठीण, पण त्याच्या बापाचं सापडू शकतं. आडनाव फार सर्रास नसेल तर नाव, तारीख आणि वय एवढ्या तीन धाग्यांवर माणूस सापडल्याची उदाहरणं आहेत. घरबसल्या करण्यासारखं काम आहे, आणि तुम्हाला फोटो बघण्याचा नाद आहेच.

अक्षरांना या बाजारात किती वजन आहे, याचा एक किस्सा सांगते. २०१९ साली बीबीसीच्या जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात एका बाईंनी माळ्यावरच्या पेटीत सापडलेली अंगठी आणली. वरचा भाग बिजागरीने उघडायचा आणि आत केसांची वेणी. आतल्या बाजूला शार्लट ब्राँटे या लेखिकेचं नाव आणि तिच्या मृत्यूचं, १८५५चं, साल कोरलेलं. तिथल्या तज्ज्ञाचा अंदाज होता २०,००० पौंड. हा कोरलेला मजकूर नसता तर हीच अंगठी २५ पौंडांची, असंही तो म्हणाला. सोनं तेवढंच, वेणी तीच. तुमच्या अंगठीतला मुलगा कोणी प्रसिद्ध माणूस नव्हता, त्यामुळे तसलं काही घडणार नाही. पण पैसे मोजायचे ते वस्तूवर जे लिहिलंय त्याचे. विक्रेत्याने जाहिरातीत जे लिहिलंय त्याचे नाहीत. घासाघीस करताना हे त्याला ऐकवायला हरकत नाही: सांगितलेला काळ चुकीचा, गोष्ट चुकीची, तर किंमत बरोबर कशी?

आता तुमचा पहिला प्रश्न. विचित्र अजिबात नाही. जगभर या दागिन्यांचे वेडे संग्राहक आहेत, आणि त्यांच्यातले बरेच तुमच्यासारखेच, एरवी दागिन्यांकडे ढुंकून न पाहणारे. मला याचं कारण असं वाटतं की नेहमीचा दागिना चारचौघांना दाखवायला घडवलेला असतो. हे दागिने एकाच माणसासाठी घडवले गेले आणि बाकीच्यांना कळू नये अशी पुष्कळदा मुद्दाम तजवीज केली गेली. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या साध्या सोन्याच्या वेढ्यांच्या आत, कातडीला टेकणाऱ्या बाजूला, प्रेमाची एखादी ओळ कोरलेली असे. बाहेरून बघणाऱ्याला काही पत्ता नाही. १६४९मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाल्यावर त्याचे निष्ठावंत त्याचं चिमुकलं चित्र अंगठीत किंवा पदकात बाळगत. त्यात प्रेम होतं आणि राजकारणही.

रत्नांच्या आद्याक्षरांचा खेळ तर अफलातून. माणिक, पाचू, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा असे सहा खडे ओळीने बसवले की त्यांच्या इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांतून ‘रिगार्ड’ असा शब्द तयार होतो. समोरच्याला रंगीत खड्यांची अंगठी दिसते, जिला दिली तिला निरोप मिळतो. हे खूळ पॅरिसमध्ये जोरात होतं. नेपोलियनने दुसऱ्या लग्नाच्या वेळी, १८१० साली, स्वतःचं आणि मारी-लुईझचं नाव, जन्मतारखा वगैरे खड्यांत गुंफलेली कंकणं करवून घेतली होती. सम्राटालाही असा लपूनछपून निरोप द्यावासा वाटला, याची मला गंमत वाटते.

सगळ्यांत धीट प्रकार डोळ्यांचा. १७८५मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढचा चौथा जॉर्ज, मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेच्या प्रेमात होता. लग्नाला कायद्याची आडकाठी होती. त्याने तिला स्वतःच्या एकाच डोळ्याचं छोटंसं चित्र पाठवलं, आणि त्याच डिसेंबरात दोघांनी गुपचूप लग्न केलं. पुढे तिचा डोळाही त्याच्यासाठी रंगवला गेला, रिचर्ड कॉसवे या चित्रकाराकडून. मग उमरावांत अशा डोळ्यांची लाटच आली. अख्खा चेहरा ओळखू येतो, एक डोळा ओळखू येतो तो फक्त जवळच्या माणसाला. आज आपण तो हातात घेतो तेव्हा तो कोणाचा हे सांगणारं जगात कुणी उरलेलं नसतं. या बाजारातलं आकर्षण नेमकं इथे आहे. बंद पाकिटातलं पत्र आपल्या हाती आलंय, पत्ता आपला नाही, आणि लिहिणारा व ज्याला लिहिलं तो, दोघंही तक्रार करायला नाहीत. थोडा चोरटेपणा आहे यात. तो मान्य करावा आणि खुशाल आनंद घ्यावा.

यजमानांचा केसांबद्दलचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. कुणाला किळस वाटू शकते. पण त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, केस म्हणजे मृत्यूच असं मुळीच नव्हतं. प्रेमात पडलेले, लांबच्या प्रवासाला निघालेले, शाळेतल्या मैत्रिणी, आई आणि मुलं, सगळे जिवंतपणी एकमेकांना केसांची बट देत आणि ती लॉकेटात, अंगठीत बसवत. शोकाचा दागिना ओळखायचा तो मृत्यूची तारीख, कलश, खाली झुकलेलं विलोचं झाड, काळा मीना अशा खुणांवरून. नुसते केस दिसले की ‘शोक’ म्हणून मोकळं होणं चूक, आणि विक्रेते ती चूक सर्रास करतात, कारण शोक जास्त खपतो. दुसरी गोष्ट, केस टिकतात. फोटो नव्हते तेव्हा माणसाचं खरंखुरं, रंगही सहसा न बदलणारं असं एवढंच मागे ठेवता येई. स्वीडनमधल्या वोमहूस या गावच्या बायका तर एकोणिसाव्या शतकात युरोपभर फिरून केसांचे दागिने विणून देत. शार्लट ब्राँटेजवळ तिच्या दोन मृत बहिणींच्या, एमिली आणि ॲनच्या, केसांचं ब्रेसलेट होतं. यजमानांना एवढं सांगूनही पटलं नाही तर नाही पटलं. त्यांनी ती घालायची नाहीये.

आता घ्यायची झाली तर काय बघायचं ते. तुमच्या अंगठीबाबत आधी वेढ्याच्या आतल्या बाजूचा आणि कोंदणाच्या पाठीचा स्वच्छ फोटो मागा. जाहिरातीत तो नाही असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. आत सोनाराचा ठसा असू शकतो, एखादा धातूचा तुकडा नंतर घालून वेढा मोठा केल्याची खूण असू शकते. अक्षरांची ओळ कुठे तुटत असेल, एखादं अक्षर अर्धं असेल, तर तिथेच वेढा कापला गेलाय. वरचं कोंदण आणि खालचा वेढा एकाच काळाचे आहेत का, हेही नीट बघायचं. जुनी ब्रूच, कानातलं किंवा टायपिन मोडून त्याचा वरचा भाग दुसऱ्याच वेढ्यावर चढवायचा, हा या धंद्यातला नेहमीचा उद्योग आहे, कारण ब्रूचपेक्षा अंगठी लवकर विकली जाते. मीना काही ठिकाणी उडालेला असेल तर घाबरू नका, अडीचशे वर्षांत तो उडतोच. उलट मीना अगदी अखंड असेल आणि त्याला काचेसारखी चमक नसून प्लॅस्टिकसारखा मंदपणा असेल, तर अलीकडे रेझिन भरून दुरुस्ती केलेली असण्याची शक्यता जास्त.

केस त्याच मुलाचे आहेत का, हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गिऱ्हाइकांनाही हाच संशय येई, की आपण दिलेली बट बाजूला ठेवून कारागीर दुसऱ्याच कुणाचे लांब, सोयीचे केस विणतो. म्हणून बायका हे विणकाम घरीच शिकत.

ही अंगठी झाल्यावर तुम्ही थांबाल असं मला वाटत नाही, म्हणून पुढचंही थोडं सांगून ठेवते. डोळ्यांपासून लांब राहा. खरे फार थोडे आहेत, आणि नकली पुष्कळ: मोठ्या चित्रातला डोळा कापून बसवलेले, नव्याने रंगवून जुन्या चौकटीत घातलेले, चक्क छापलेलेसुद्धा. शिवाय खरा असेल तर तो बहुधा हस्तिदंतावर रंगवलेला असतो. ब्रिटनमध्ये २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२पासून अंमलात आहे. त्यात १९१८पूर्वीच्या, ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या व्यक्तिचित्रांना सवलत आहे, पण नोंदणी केल्यावरच. देशाबाहेर न्यायचं तर वन्यजीव-व्यापाराच्या ‘साइट्स’ कराराची कागदपत्रं लागतात, आणि ज्या देशात ते जायचं तिथले नियम आणखी कडक असू शकतात. पार्सल कस्टममध्ये अडकलं की ना चित्र हाती, ना पैसे. तुमच्या अंगठीत चित्र नाही म्हणून बहुधा सुटलात, तरी वेणीच्या मागे पातळ हस्तिदंताची चकती नाही ना, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

काळ्या दागिन्यांची भुरळ पडली तर जेट समजून घ्या. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी इथे सापडणारं हे द्रव्य म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचं लाकूड. १८६१मध्ये पती आल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरिया १९०१पर्यंत, मरेपर्यंत, काळ्या कपड्यांत राहिली, आणि व्हिटबीच्या कारागिरांचं उखळ पांढरं झालं. मागणी वाढली तसा काळ्या काचेचा आणि कडक केलेल्या रबराचा मालही आला. जेट हाताला हलकं आणि कोमट लागतं, काच जड आणि थंड. रबराचा माल उजेडाने तपकिरी पडतो. तापलेली सुई टोचून बघा असा सल्ला कुठेही वाचाल, तो देणाऱ्याने स्वतःच्या दागिन्याला टोचावी.

पैसे कमी असतील तर १८८०च्या आसपासच्या चांदीच्या ब्रूच बघा, नाव कोरलेल्या किंवा ‘मिझपा’ असं लिहिलेल्या. बायबलमधला शब्द आहे तो: आपण एकमेकांपासून दूर असू तेव्हा देव दोघांवर लक्ष ठेवो, अशा अर्थाच्या ओळीचा. यंत्रावर भरपूर निघाल्या, म्हणून आजही आवाक्यात आहेत, आणि बर्मिंगहॅमचा जहाजाच्या नांगराचा ठसा व शेजारचं अक्षर जुळवलं की नेमकं साल कळतं. सोन्यावर १५ कॅरेटचा इंग्लिश ठसा दिसला तर तोही खूण सांगतो. हा दर्जा १८५४ साली सुरू झाला आणि १९३२ साली बंद झाला.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर माझं उत्तर नाही. ऐपतीच्या काठावर उभं राहून तर नाहीच. किंमत खाली आली, फोटो समाधानकारक आले, परत करायची मुदत लेखी मिळाली, आणि पैसे गेले तरी घरात चणचण होणार नाही, तर घ्या.

आणि घ्याल तर घाला, पण रोज नको. स्फटिकाखाली पाणी शिरलं की केस काळवंडतात आणि ते पुन्हा साफ होत नाहीत. हात धुताना, स्वयंपाक करताना, अत्तर लावताना ती काढून ठेवायची. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात कधीही टाकायची नाही, सोनाराने कितीही आग्रह केला तरी. सोनाराकडे न्यायचीच कशाला म्हणाल, तर बहुतेक वेळा माप बसत नाही म्हणून. माप बदलू नका. वेढा कापला की नाव कापलं जातं, आणि आच लागली की मीना तडकतो. मधल्या बोटाला होत नसेल तर करंगळीला बघा, नाही तर साखळीत ओवून गळ्यात घाला.